चार एकतीसला गाडी कुठे होती

फिदेंझा, मंगळवार, ११ जून

तीर्थरूप इर्माताईस, धाकट्या ओरेस्तेचा वाकून नमस्कार (कंबर जाईल तिथपर्यंत वाकून, उरलेला मनाने).

इकडे सगळ्यांच्या प्रकृती ठीक आहेत, म्हणजे कुरकुर करता येईल इतपत ठीक. तुझा डावा गुडघा कसा आहे? उजव्यानेही आता त्याचाच कित्ता गिरवायला घेतला आहे, असं माझ्या लेकीकडून, फ्लावियाकडून कळलं. त्रिएस्तेतला वारा जूनमध्ये पडतो म्हणतात, तरी चौक ओलांडताना भिंतीच्या कडेने जात जा. ऐंशीव्या वर्षी उडून जाणं आपल्या घराण्याला शोभणार नाही. मांजर अजून पडद्यावर चढतं का? रविवारी आम्ही जेवत असताना तू फोन केलास आणि मी 'नंतर बोलतो' म्हणून ठेवून दिला, त्याचा राग आला असेल. कारण एवढंच, की माझ्या शेजारी जावई बसला होता, त्याच्या हातात पेन्सिल होती आणि माझा जबाब चालू होता. फोनवर या गोष्टी बोलता येत नाहीत, कारण आमच्या घरात फोनला एक तोंड असलं तरी कान सहा आहेत. म्हणून पत्र. मागणं काही नाही, नुसतं कळवतो आहे.

सुरुवात तुझ्यापासूनच करावी लागेल, त्याला माझा इलाज नाही. मी सहा वर्षांचा होतो, तू तेरा. बाबांनी मला पहिल्यांदा सायकलच्या दांडीवर बसवून मैदानावर नेलं आणि आपल्या गावाची टीम पाच गोलांनी हरली. दुसऱ्यांदा नेलं तेव्हा आपल्या गोलकीपरचा हात मोडला. तिसऱ्यांदा मॅच सुरू व्हायच्या आधीच सुपारीएवढ्या गारा पडल्या. त्या दिवशी सूप वाढता वाढता तू म्हणालीस, "हा ओरेस्ते पांढऱ्या पायाचा आहे." बाबा हसले, पण हसता हसता त्यांनी अपशकुन टळावा म्हणून टेबलाखाली हात घालून लोखंडी पाय चाचपला. बाकी कुणाला दिसलं नसेल, मला दिसलं, कारण माझं डोकं त्याच उंचीवर होतं. पुढच्या रविवारी दांडीवर तू बसलीस. (मला तेव्हाही कळलं होतं की तुला जायचं होतं, आणि त्यासाठी हाताशी आला तो शब्द तू फेकलास. तेरा वर्षांच्या मुलीला दुसरं काय सुचणार? पण मी खिडकीत उभा राहून तुम्हा दोघांना वळणापर्यंत पाहिलं आणि खूप रडलो, हे तुला आज सदुसष्ट वर्षांनी सांगतो.) टीम जिंकली. मग प्रश्नच मिटला.

मी छत्तीस वर्षं वजनमापे खात्यात नोकरी केली. खोटा किलो मी हाताने उचलून ओळखायचो. जे मोजता येत नाही त्यावर माझा विश्वास नाही, हे मी कुठेही सांगायला तयार आहे. पण चांगलं नाव आठवडाभर टिकतं आणि वाईट नाव जन्माला पुरतं. गावात मी कॅफेत शिरलो की लोक खिशातल्या किल्ल्या चाचपायचे. पुढे अठ्ठ्याहत्तर साली, बढतीच्या निर्णायक मॅचच्या दिवशी, खात्याने मला बाजारातला मोठा काटा तपासायला पिआचेंझाला पाठवलं. मी परतीच्या गाडीत होतो आणि आपण तीन-शून्यने जिंकलो. झालं. तेव्हापासून सिद्धांत असा, की मी नुसता मैदानाबाहेर असून भागत नाही. मॅच चालू असताना मी चालत्या गाडीत पाहिजे. गाडी थांबली की माझे पाय जमिनीला लागल्यासारखे होतात. हे चुलत्यांनी ठरवलं आणि जावयाने, तिझियानोने, त्याचं शास्त्र केलं. त्याचं औषधांचं दुकान आहे. काउंटरवर तो म्हाताऱ्यांना सांगतो, अंगारेधुपारे सोडा आणि गोळ्या वेळेवर घ्या. आणि मागच्या खोलीत भिंतीवर तक्ता आहे: तारीख, विरुद्ध टीम, माझी गाडी, गाडीचे थांबे, झालेले गोल. एकदा मोदेना स्टेशनात गाडी चार मिनिटं थांबली आणि त्याच चार मिनिटांत आपल्यावर दोन गोल झाले. त्या नोंदीखाली लाल रेघ आहे. तेव्हापासून माझ्यासाठी कमी थांब्यांच्या गाड्या निवडल्या जातात.

अशा रीतीने मी पार्मा, मोदेना, फेरारा, पादोवा, व्हेरोना, मांतोव्हा सगळं पाहिलं, आणि एकाही शहरात उतरलो नाही. कुठल्या स्टेशनातलं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे ते मी सांगू शकतो (फेरारा), पण त्या गावचं चर्च कसं दिसतं ते मला ठाऊक नाही. माझी एल्दा होती तोवर ती बरोबर यायची. बटाट्याचं ऑम्लेट पावात घालून आणायची, बूट काढून पाय समोरच्या बाकावर ठेवायची आणि म्हणायची, "तुझ्यामुळे माझी धुणीभांडी चुकतात, बरं आहे." एकदा मांतोव्हाला गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, उतरू या का, तळी बघू. मी घड्याळ पाहिलं. पस्तिसावं मिनिट चालू होतं. म्हटलं, पुढच्या वेळी. त्याचं मला आजही वाईट वाटतं. ती जाऊन आता चार वर्षं झाली, आणि मी एकटा खिडकीशी बसतो. ऑम्लेट मला तसं जमत नाही.

आता अम्ब्रा. नातीचं तुला सांगायला नको, पण सांगतो. सहाव्या वर्षी ती मुलींच्या टीममध्ये गेली आणि तिने निवडलं काय, तर गोलकीपर. दुसरीकडे कुठे खेळली असती तर माझं पाप दहा जणींत वाटलं गेलं असतं. गोलमध्ये सगळं एकीवर. मग तर दर शनिवार-रविवार गाडी. अकरा वर्षं, मोजून तीनशे बारा प्रवास. तिच्यासमोर तो शब्द काढायचा नाही, हा घरातला पहिला नियम (गोलकीपरच्या कानावर तो पडणं सगळ्यांत वाईट). ती मला कधी 'मॅचला या' म्हणाली नाही. मी धरून चाललो होतो की तिलाही माहीत आहे आणि तिचाही विश्वास आहे. त्यातून तिच्या भेटी. वाढदिवसाला वाफेच्या इंजिनाचं चित्र असलेला कप. गार्डची शिट्टी. दर नाताळला रेल्वेचं नवं वेळापत्रक, लाल फीत बांधून. मला वाटायचं, पोरगी गोड हसून टोमणा मारते आहे. मी 'वा, छान' म्हणायचो.

या वर्षी तिचं शाळेचं शेवटचं वर्ष, म्हणजे या टीममधलंही शेवटचं. फोर्लीला दोन दिवसांची स्पर्धा: शनिवारी उपांत्य फेरी, रविवारी अंतिम. सगळं घर जाणार, चौदा माणसं, तीन मोटारी. एप्रिलमध्येच एकदा जेवताना मी धीर करून म्हटलं, या वेळी मी मैदानावर आलो तर? तिला गोलमध्ये उभी असलेली एकदा बघायची आहे, एकदाच. फ्लावियाचा डाव भांड्यातच राहिला. तिझियानो अत्यंत अदबीने म्हणाला, "सासरेबुवा, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही, तुम्हाला माहीत आहे."

"मग येऊ ना?"

"विश्वास नाही म्हणून उगाच जोखीम का घ्या?"

आणि फ्लाविया म्हणाली, "पपा, शेवटच्या मॅचला पोरगी रडत घरी आलेली बघवेल तुम्हाला?" मी म्हटलं, खिडकीजवळची जागा बघा.

शनिवारी मला फोर्लीहून अंकोनाच्या गाडीत बसवलं. रिमिनीनंतर डाव्या हाताला समुद्र लागतो, छत्र्या उघडलेल्या, लोक पाण्यात. सगळं बघण्यासारखं होतं आणि मी घड्याळ बघत होतो. समोर येसीची एक बाई होती, खाटकाची विधवा, बोलकी. तिने विचारलं, अंकोनाला कुणाकडे? मी म्हटलं, कुणाकडे नाही, लगेच परत. तिने खोदून विचारलं, आणि वजनमापे खात्याच्या माणसाला खोटं बोलण्याची सवय नसते. सगळं ऐकून घेताना ती दोनदा 'अगं बाई' म्हणाली. मग तिने खिडकीच्या चौकटीला हात लावून ती लोखंडी आहे का पाहिलं, पिशवी उचलली आणि पुढच्या डब्यात गेली. (जाताना म्हणाली, "राग मानू नका हं, माझं सोमवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे.") मध्येच फ्लावियाचा फोन आला. "पपा, कुठे आहात?" म्हटलं, सेनिगालिया. "थांबली आहे?" नाही. "बरं. थांबू देऊ नका." जसा काही मी गाडी हाकत होतो. शून्य-शून्य होऊन पेनल्टीवर आपण जिंकलो, अम्ब्राने दोन अडवल्या. संध्याकाळी हॉटेलात सगळ्यांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या, शाबास म्हणाले. मी कशाबद्दल शाबास होतो, हे मला त्या वेळी नीट कळलं नाही.

रविवारी मॅच तीन वाजता. तिझियानो स्वतः स्टेशनवर आला, मला बोलोन्याच्या गाडीत चढवलं, दार बंद होईपर्यंत उभा राहिला आणि काचेवर टकटक करून दोन बोटं दाखवली, म्हणजे बोलोन्याला उतरून दोन नंबरवरून फेराराची गाडी. दहा मिनिटं झाली असतील. गाडी हळू झाली, मग आणखी हळू, आणि पीचच्या बागांमध्ये उभीच राहिली. तिकीट तपासणाऱ्या बाई आल्या आणि म्हणाल्या, पुढच्या फाटकावर मधाच्या पेट्यांचा ट्रक कलंडला आहे, रुळांवर मधमाश्याच मधमाश्या आहेत, पेटीवाल्याच्या भावाला बोलावलंय, तो फायेंझाला जेवायला गेलाय. घड्याळात तीनला एक मिनिट कमी होतं.

ताई, तुला खरं सांगतो, माझा विश्वास नाही. पण तीनला एक मिनिट कमी असताना मी उठून उभा राहिलो आणि डब्यातून चालायला लागलो. गाडी चालत नसेल तर निदान मी तरी चालावं. चार डबे, एक डबा सव्वीस मीटर, जाऊन-येऊन दोनशे आठ. पहिल्या फेरीला लोकांनी पाय आत घेतले. दुसऱ्या फेरीला कपाळाला आठ्या पडल्या. तिसऱ्या फेरीला एजिदिओ नावाच्या इमोलाच्या म्हाताऱ्या शिंप्याने बाही धरली आणि विचारलं, "काय हो, काही हरवलंय का?" मी सांगितलं. मला वाटलं, हसतील. अगं, कुणी हसलं नाही. सगळा डबा एकदम गंभीर झाला. एक बाई गुडघ्यांवर केकचा खोका घेऊन बसली होती, तिने वाटेतली आपली बॅग उचलून वर ठेवली. तिकीट तपासणाऱ्या बाईंनी डब्यांमधली दारं उघडून अडकवून ठेवली. मग वाद सुरू झाला, की इंजिनाकडून शेपटाकडे चाललेलं धरायचं की नाही. एजिदिओचं म्हणणं, मागे चालणं म्हणजे घातलेली शिवण उसवणं. केकवाली म्हणाली, "अहो, माणूस तोंड पुढे करून चालतोय, गाडीचं तोंड कुठे आहे त्याच्याशी काय करायचंय?" एक कॉलेजातला पोरगा म्हणाला, पृथ्वी फिरतेच आहे, तर काका थांबले तरी चालतील. त्याला सगळ्यांनी गप्प बसवलं. शेवटी तोडगा असा निघाला, की शेपटाकडे जाताना मी पाठमोरं चालावं, म्हणजे तोंड बोलोन्याकडेच राहील. तर त्र्याहत्तराव्या वर्षी तुझा भाऊ चार डबे उलटा चालत होता, आणि दोन्ही बाजूंनी लोक त्याला "डावीकडे पिशवी आहे", "आता उंबरा" असं सांगत होते. नऊ फेऱ्या झाल्या, म्हणजे एक किलोमीटर आठशे बहात्तर मीटर. (ज्यांना माझं नावही माहीत नव्हतं त्यांनी माझ्या नातीसाठी पाय आखडून घेतले, हे मी विसरणार नाही.)

पावणेचारला कळलं की गाडी परत फोर्लीला नेणार आहेत. गाडी मागे जाऊ लागली तसा एजिदिओने कपाळाला हात लावला. फलाटावर उतरल्यावर त्याने माझा हात घट्ट दाबला, मेलेल्याच्या घरी दाबतात तसा, आणि लोक पांगले. मी पाटीखाली उभा राहिलो. पुढची गाडी चार वीसला होती. मैदान स्टेशनपासून दहा मिनिटांवर आहे हे मला माहीत होतं, कारण आदल्या दिवशी सगळे तिकडे गेले तेव्हा मी विचारून ठेवलं होतं. का विचारलं होतं ते विचारू नकोस. अंतिम मॅच म्हणून या वेळी घरातल्यांनी फोन बंद ठेवले होते. तीनशे बारा वेळा मी त्यांनी सांगितलं तसं वागलो. मला तिला बघायचं होतं. एवढंच कारण आहे, दुसरं काही शोधायला जाऊ नकोस.

दारातून गेलो नाही, इतका काही निर्ढावलेला नाही. गोलच्या मागच्या बाजूला तारेचं कुंपण आहे, त्याला हिरवं कापड लावलंय आणि ते एके ठिकाणी फाटलंय. मी तिथे डोळा लावला आणि समोर अम्ब्राची पाठ. ताई, किती उंच झाली आहे गं ती. घरात नेहमी खुर्चीत मुटकुळं करून बसलेली असते, मला कल्पनाच नव्हती. दोन्ही हात कमरेवर ठेवून पुढच्या मुलींवर ओरडत होती, "अगं तिला सोडू नकोस, मी काय झोपा काढायला उभी आहे का इथे?" आवाज थेट एल्दाचा. एक उंच चेंडू आला, तो तिने सगळ्यांच्या डोक्यावरून असा उचलला, जसं आपण फळीवरचा डबा काढतो, आणि छातीशी धरून शांत उभी राहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी सगळा वेळ जागच्या जागी पाय हलवत होतो, डावा-उजवा, डावा-उजवा, निदान तेवढं तरी.

मग कुणाचा तरी पाय मुरगळला, खेळ थांबला, आणि ती पाणी प्यायला कुंपणापाशी आली. बाटली तिथेच होती. तिने मला पाहिलं.

"आजोबा? तुम्ही इथे? आणि तुमची ट्रेन?"

म्हटलं, बंद पडली.

"अरेरे," ती म्हणाली. मनापासून म्हणाली, तोंड पाडून. "तुमचा सगळा रविवार फुकट गेला." मग माझ्या पायांकडे बघून, "बाथरूमला जायचंय का? कपडे बदलायच्या खोल्यांच्या मागे आहे." मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मग आता आलाच आहात तर थोडा वेळ बघा ना. तुम्हाला ट्रेन जितकी आवडते तितकं नाही आवडणार, मला माहीत आहे. पण अगदीच कंटाळवाणं नसतं. आणि नाचू नका, मला मागे हललेलं दिसतं. शांत उभे राहा."

अकरा वर्षं त्यांनी तिला काय सांगितलं होतं, ते मला त्या तारेपाशी कळलं. 'आजोबांना ट्रेनचं फार वेड आहे.' लहान मुलीला तो शब्द सांगायचा नाही म्हणून हे सांगितलं, बिचाऱ्यांनी चांगल्या मनानेच सांगितलं. आणि तिने ते मानलं, आणि दर नाताळला खाऊच्या पैशांतून मला वेळापत्रक आणलं. तिच्या लेखी मी तीनशे बारा वेळा तिला सोडून ट्रेन निवडली आणि ती मला एकदाही बोलली नाही. मी कसंबसं म्हटलं, तुझ्या वडिलांना सांगू नकोस मी इथे होतो. ती हसली. "नाही सांगत. ट्रेन सोडून आलात हे तुमच्या ट्रेनवाल्या मित्रांना कळलं तर चिडवतील ना?" (माझे ट्रेनवाले मित्र म्हणजे कोण, देव जाणे.) शिट्टी झाली. ती गोलकडे पळाली आणि मी तिने सांगितलं तसा शांत उभा राहिलो. पाय हलवले नाहीत. दोन मिनिटांत समोरच्या टीमची नऊ नंबरची मुलगी एकटी सुटली, अम्ब्राने डावीकडे झेप घेतली आणि चेंडू उजवीकडून गेला. चार एकतीस. तेवढा एकच गोल झाला सबंध मॅचमध्ये.

मी मागच्या गल्लीने स्टेशनात परत गेलो आणि सहा वाजता गाडीतून उतरल्याचं सोंग करून बाहेर आलो. जेवणाला तीच चौदा माणसं. सूप गार झालं. अम्ब्राचे डोळे सुजले होते, पण ती जेवत होती. तिझियानोने पेन्सिल काढली. (इथे तुझा फोन आला.) "सासरेबुवा, चार एकतीसला गाडी कुठे होती?"

मला त्या मधमाश्यांचं सांगता आलं असतं. निम्मं सांगता आलं असतं. पण पोरीने माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हटलं, "फेरारा सोडलं होतं. चांगली वेगात होती." जन्मात पहिल्यांदा मी खोट्या मापावर शिक्का मारला. अम्ब्रा ताटात बघत म्हणाली, "हो, रविवारी वेगातच असतात." तिझियानोची पेन्सिल कागदावर टेकलेली तशीच राहिली. गाडी चालू, मी गाडीत, आणि तरी गोल. एकेचाळीस वर्षांचा सिद्धांत त्या सुपाच्या भांड्याशेजारी आडवा झाला. मला वाटलं, आता सुटलो. कुणीतरी म्हणेल, की ओरेस्तेच्या पायांचा काही संबंध नव्हता. मग तिझियानो सावकाश म्हणाला, "म्हणजे आता ट्रेनने भागत नाही." फ्लाविया म्हणाली, "अंकोनाहून बोट सुटते." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि अम्ब्राने मला हळूच विचारलं, "आजोबा, तुम्हाला बोटीही आवडतात?"

मी म्हटलं, हो, आवडतात.

असो. तर असं सगळं आहे. ट्रेनबद्दल माझी तशी तक्रार नाही. बसायला जागा मिळते आणि हवा येते. तुझ्याबद्दल तर नाहीच नाही. गुडघ्यांना ऊन दे. तुझ्याहून थोर तिथे कुणी उरलं असेल तर त्यांना नमस्कार, आणि मांजराला जे काही सांगतात ते सांग.

तुझा भाऊ,
ओरेस्ते

ता.क. फ्लावियाला फोनवर यातलं अक्षरही बोलू नकोस. विचारलंच तर म्हण, ओरेस्तेने गुडघ्यांची चौकशी केली आहे, चार पानं.

दुसरा ता.क. मागणं काही नाही असं वर लिहिलं आहे, ते खोडायला जागा नाही म्हणून राहू दे. सप्टेंबरात अम्ब्रा त्रिएस्तेला दुभाष्यांच्या कॉलेजात येते आहे आणि रविवारी तुझ्याकडे जेवायला येणार आहे, हे तुला माहीत आहे. तिथेही तिला टीम मिळाली आहे. मी तिला खरं सांगायला जातो आणि गप्प बसतो. खरं सांगायचं तर तो शब्द सांगावा लागेल, आणि ती अजून गोलमध्ये उभी राहणार आहे. तो गोल झाला तेव्हा तिच्या मागे कोण उभं होतं, हे तिला आठवेल. शब्द तुझा आहे, तो तुझ्याकडेच ठेव. 'मग आजोबा इतकी वर्षं का जात होते' असं तिने विचारलं तर तुला सुचेल ते सांग. तेराव्या वर्षी सुचलं होतं, ऐंशीव्या वर्षीही सुचेल. पण ती पहिल्यांदा जेवायला बसेल तेव्हा, सूप वाढायच्या आधी, तिला एवढं सांग, ताई: तुझ्या आजोबाला ट्रेन कधीच आवडली नाही.